तोरणाखालची झडती

अब्बा, परवा पुण्यात कार्यक्रमाच्या आधी साऊंड बघणारी मुलगी मला म्हणाली, "सर, दुसऱ्या कडव्यात एका ओळीला तुम्ही माइकपासून तोंड बाजूला घेता. माझी लेव्हल बसत नाही. ती ओळ एकदा म्हणून दाखवा ना." मी तिला सांगितलं, ती ओळ मी लोकांकडून म्हणवून घेतो, माझी स्टाइल आहे ती. ती बरं म्हणाली आणि आपल्या बटणांकडे वळली. तिची मान तुमच्यासारखी एका बाजूला कललेली होती, कानानं पाहिल्यासारखी. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मराठीत लिहितोय म्हणून हसू नका. घरात आपण हिंदीच बोलायचो, पण दुकानात मशीन उघडून बसलं की तुम्ही आपोआप वऱ्हाडीवर यायचे. म्हणायचे, हिचे नखरे हिंदीत सांगताच येत नाहीत. मशीनला बाहेरचे लोक ॲम्प्लिफायर म्हणतात, हे मला यवतमाळला शिकायला गेल्यावर कळलं. महागाव तालुक्यातलं आपलं बाजाराचं गाव, एसटी थांब्याजवळ आपलं भोंग्याचं दुकान. लग्न असो, उरूस असो, सप्ताह असो, निवडणूक असो, कोणाची म्हैस हरवली तरी भोंगा तुमचाच. आणि एवढ्या आवाजाच्या धंद्यात राहून तुम्ही मात्र मुलखाचे अबोल. एक दिवस सोडला तर माइकवर तुम्ही जन्मभर तीनच शब्द बोलले. हॅलो, माइक टेस्टिंग. एवढं म्हणून माइक ज्याचा त्याच्या हातात द्यायचा आणि मागे मशीनपाशी जाऊन बसायचं.

तुमचा खरा जीव पोळ्यावर. आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मैदानावर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याच्यापुढे झुली घातलेल्या बैलजोड्या रांगेनं उभ्या, आणि तोरण तुटायच्या आधी एकेक जण पुढे येऊन झडती म्हणतो. झडती म्हणजे काय, हे पुण्याच्या लोकांना मला दरवेळी समजावून सांगावं लागतं. यमकात बांधलेला टोमणा. सरपंचाला मारा, व्यापाऱ्याला मारा, सरकारला मारा, घरच्या बायकोलाही मारा. शेवटी सगळ्यांनी मिळून हर हर महादेव म्हटलं की ती झडती गावानं पचवली. मग तोरण तुटतं, पोळा फुटतो, आणि त्या दिवशी ऐकलेलं कोणी घरी घेऊन जात नाही. माझ्या आजोबांच्या, दादामियांच्या वेळेपासून पोळ्याचा भोंगा आपला. त्याचं भाडं आपण कधी घेतलं नाही आणि कोणी कधी विचारलं नाही. पोळा जवळ आला की तुम्ही भोंगे खाली काढून रॉकेलच्या फडक्यानं पुसत बसायचे, दुकानभर वास. झडत्या तुम्हाला सगळ्या पाठ. मशीनमागे बसून तुमचे ओठ हलायचे, आवाज नाही. तुम्ही काहून नाही म्हणत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आपलं काम आवाज देनं हाय. बोलनारे लय हायेत."

मग ती कापसाची वाईट वर्षं आली. आपल्या घरामागच्या घरातले तुमचे दोस्त, दर पोळ्याला ज्यांची जोडी रांगेत पुढे असायची, तेही त्यातच, पोळ्याच्या आधी, गेले. कसे गेले ते लिहीत नाही, तुम्हीही कधी तोंडानं बोलले नाही. दोनेक महिन्यांनी त्या घरी सांत्वनाला एक मोठे साहेब येणार असं ठरलं, आणि ग्रामपंचायतीतून तुम्हाला निरोप आला की अंगणात माइक लावा. मी दिवाळीच्या सुटीत घरी होतो. तुम्ही निंबाला भोंगा बांधला, माइकवर फुंकर मारली, आणि त्या गप्प अंगणात तुमचा आवाज घुमला, हॅलो, माइक टेस्टिंग. मला तर जमिनीत जावंसं वाटलं. साहेब आले. आता आपल्या गावात पाहुणा आला आणि हार नाही घातला तर पाहुण्याचा अपमान, हे पोळा समितीच्या अध्यक्षांच्या हाडात भिनलेलं. ते सवयीनं हार घेऊनच आले होते आणि सवयीनंच त्यांनी तो साहेबांच्या गळ्यात घातला. भिंतीवर मालकाचा हार घातलेला फोटो, त्याखाली हार घातलेले साहेब. हात मागे घेतल्यावर अध्यक्षांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. पण तोवर फोटो निघाला होता आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आला.

मी त्याच तिरमिरीत यवतमाळला गेलो. आम्ही इंजिनिअरिंगची चार पोरं स्वतःला रॉक बँड म्हणवायचो, गिटार मागून आणलेली, ड्रम एका लग्नाच्या बँडवाल्याकडचे. तोवर दुसऱ्यांचीच गाणी ओरडायचो. मी पहिल्यांदा आपलं काही लिहिलं, ते झडतीच्या चालीत, आणि खाली गिटारचा असा खरखराट की बाकावरच्या बाटल्या हलाव्या. दुसरं कडवं असं होतं:

भितीवर फोटो मालकाचा, फोटोले घातला हार,
फोटोखाली सायेब उभे, त्याईलेई घातला हार.
अंगनात भोंगा बोंबलते, हॅलो माइक टेस्टिंग,
घरची लक्ष्मी रडून राह्यली, कॅमेऱ्याची सेटिंग.

आणि मग चौघांनी मिळून हर हर महादेव. गॅदरिंगला कॉलेजचे स्पीकरचे डबे फुटके, म्हणून मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही टेम्पोत आपले बॉक्स घालून आले. भाड्याचं नाव काढलं नाही. मशीनवर तुम्हीच बसले होते. गाणं काय आहे हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. स्टेजवरून मला तुमचं फक्त टक्कल दिसत होतं. भोंग्याच्या ओळीशी आलो आणि माझा आवाज गळ्यातच बसला, नेमका तिथेच. पण हॉलमध्ये तो दणकून ऐकू आला आणि पोरं खो खो हसली. परतीच्या टेम्पोत तुम्ही एवढंच म्हणाले, "त्या ओळीले तू दबला. मी वाढवला तुले." मी खिडकीबाहेर पाहत बसलो. वाटेत आर्णीला तुम्ही मला भजी खाऊ घातली.

पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंच, तरी लिहितो, कारण आता लोकांना ते खोटं वाटतं. कोणीतरी मोबाइलवर भरलं होतं ते गाणं. मेमरी कार्डात गाणी टाकून देणाऱ्या दुकानांनी ते जिल्हाभर पोचवलं, ऑटोत वाजलं, कापसाच्या जिनिंगच्या गेटवर वाजलं. एका पेपरानं छापलं, शेतकऱ्याच्या मरणाची थट्टा. दुसऱ्यानं छापलं, तरुणाईचा आक्रोश. ज्यांनी आक्रोश म्हटलं त्यांनीही शब्द नीट ऐकले नव्हते. साहेबांची माणसं कॉलेजवर मोर्चा घेऊन आली, प्राचार्यांनी आमचं ड्रम आणि गिटार खोलीत घालून कुलूप लावलं. एक टीव्हीवाला आला आणि मला म्हणाला, जरा रागात उभे राहा. काही जणांना साहेबांचं काही नव्हतं, त्यांना देवाचं नाव गिटारवर घेतलं याचा राग होता. मग कोणीतरी माझं नाव वाचलं आणि गाण्याला भलताच रंग चढला. मला खरं सांगू का, मला ते सगळं आवडत होतं. रस्त्यानं जाताना लोक वळून पाहत होते. गावात तुमचं काय चाललं आहे याचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

मी घरी आलो तेव्हा पोळा तोंडावर आलेला. तुम्ही दुकानात, समोर रॉकेलचं फडकं. तेवढ्यात अध्यक्ष आले. चहा नको म्हणाले, उभ्याउभ्याच बोलले. "चाचा, यंदा भोंगा नका आनू. पोट्टे आयकत नाहीत. यवतमाळवरून डीजे सांगतला हाय." तुम्ही म्हणाले, "बरं." ते माझ्याकडे न पाहताच गेले. मला वाटलं तुम्ही आता फडकं ठेवाल. तुम्ही तो भोंगा पुसत राहिले, आतूनबाहेरून, दरवर्षीसारखा, आणि पुसून झाल्यावर मशीनशेजारी नीट पालथा ठेवला. मी तावातावानं म्हणालो की हा अन्याय आहे, मी लेखी देतो, पेपरात देतो, टीव्हीवाल्याला बोलावतो. तेव्हा तुम्ही मला रागावले. उभ्या आयुष्यात मला तुमचं एवढं लांब बोलणं तेवढंच आठवतं.

"काहून? काय सांगशीन पेपरात? झडती म्हनाची असते तं तोरनाखाली म्हनाची. तिथी तू ज्याले बोलून राह्यला थो समोर उभा असते. तुले जवाब देऊ शकते, तुह्यावर झडती सोडू शकते. तोरन तुटलं का दोघं मिळून जेवाले बसतेत. तू कुठी म्हनली? अध्यक्षाले मालूम बी नोतं. थ्यानं आटोत आयकली." मी म्हणालो, मी खोटं काय लिहिलं? तुम्ही म्हणाले, "झडती म्हननारा आंधी सोताले धरते, मंग दुसऱ्याले. तू सायबाले धरलं, अध्यक्षाले धरलं, मले धरलं. सोताले कुठी धरलं? तू बी तं होता ना अंगनात. हात बांधून उभा होता." मग तुम्ही चप्पल घातली आणि म्हणाले, "चाल. जिच्या घरचं गानं हाय तिले इचारू."

मागच्या घरी तुमच्या दोस्ताच्या पत्नी, वहिनी, चुलीपाशी होत्या. तुम्ही त्यांना वयनी म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. तुम्ही दारातच बसले, मला आत ढकललं. त्या मला बस म्हणाल्या, आणि पितळीत चहा ओतून पुढे केला. मग त्या आपण होऊन म्हणाल्या, "आयकलं मी गानं. माह्या भाच्याच्या मोबाइलात हाय. खोटं हाय थे." मी पितळी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "हाराचं खरं हाय. भोंग्याचंबी खरं हाय. पन मी रडली असं लिवलं तू. मी कुठी रडली थ्या दिवशी? मले टाइम होता का रडाले? एवढे मानसं आलते गाड्या भरून, मी आतमंधी चा करून राह्यलती. दूध सरलं तं तुह्या मायनं आनून देल्लं." आणि चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाल्या, "फोटोवाला आत आला, म्हने बाई, जरा रडता का. मी म्हनलं, बाबू, चा उतू जाते."

तुम्ही दारात हसले, अब्बा. हसू आवरायला तुम्ही मान खाली घातली होती, पण खांदे हलत होते. वयनीही हसल्या, पदर तोंडाला लावून. मी तो चहा पिऊन टाकला आणि जीभ भाजून घेतली. निघताना वयनी तुम्हाला म्हणाल्या, "मांगच्या साली जोडी काढली नाही. यंदा दीर घेऊन जाईन म्हनते आखरावर. तुमी राहा तिथी." तुम्ही म्हणाले, "माहा भोंगा नाही यंदा, वयनी." त्या म्हणाल्या, "मी भोंग्याले नाही म्हनून राह्यली. तुमाले म्हनून राह्यली."

पोळ्याच्या दिवशी तुम्ही ईदचा पांढरा कुर्ता घालून आखरावर गेले आणि लोकांत उभे राहिले. मी मागे, शाळेच्या भिंतीपाशी. मशीनपाशी नसलेले तुम्ही मला विचित्रच दिसत होते, हात कुठे ठेवावे हे तुम्हाला कळत नव्हतं. डीजेची गाडी आली, डबे लावले, आणि पहिलाच ठोका असा पडला की रांगेतल्या जोड्यांनी कान टवकारले. दुसऱ्या ठोक्याला एका खोंडानं कासरा हिसकला, त्याच्या मागची जोडी उधळली, बाया ओट्यावरून आत पळाल्या, झुली पायदळी. वयनींचा दीर बैलांच्या गळ्याला मिठी मारून लोंबकळत होता. अध्यक्ष हातवारे करत धावले आणि डीजेवाल्याला गाडी घेऊन नदीपलीकडे जा म्हणाले. जोड्या पुन्हा रांगेत लागेपर्यंत सूर्य कलला. आता झडत्या म्हणायच्या, पण माइक नाही. दोघातिघांनी नुसत्या गळ्यानं म्हणून पाहिल्या, पुढच्यांनाच ऐकू गेल्या. मागची पोरं गप्पा मारू लागली. पोळा पडल्यासारखा झाला.

आणि मग मी पाहिलं, तुम्ही पुढे चालले आहात. मला वाटलं कोणाला काही सांगायला चालले असाल. तुम्ही तोरणाखाली जाऊन उभे राहिले, मूठ तोंडापाशी धरली, तिच्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "हॅलो, माइक टेस्टिंग."

हातात माइक नव्हता. आधी कोणाला समजलंच नाही. मग समोरचे म्हातारे हसायला लागले, मग ते मागे मागे पसरत गेलं, ओट्यावरच्या बायांपर्यंत. तुम्ही हसणं थांबू दिलं. मग तुम्ही माझं कडवं म्हटलं, पण क्रम बदलून, आधी स्वतःला धरून. आधी अंगणातला भोंगा बोंबलला. त्याच्यापुढे एक ओळ तुमची होती: माहा ल्योक मोठा शायना, उभा हात बांधून. माझी मान खाली गेली. मग फोटोचा हार, मग साहेबांचा हार, आणि तो म्हणताना तुम्ही अध्यक्षांकडे पाहिलं, नजर न चोरता. आणि शेवटी रडण्याच्या जागी तुम्ही म्हणाले, घरची लक्ष्मी चा मांडून राह्यली, कॅमेऱ्याची सेटिंग.

कोणी हर हर महादेव म्हटलं नाही. बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता तेवढाच. मी वयनींकडे पाहिलं, त्या ओट्यावर उभ्या होत्या, पदर नीट केलेला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुमची मूठ अजून तोंडापाशीच होती. गावानं ती झडती पचवली नाही तर तुम्हाला पुन्हा कधी त्या तोरणाजवळ जाता येणार नाही, हे त्या घटकेला प्रत्येकाला ठाऊक होतं, तुम्हाला तर होतंच. अध्यक्षांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग ते मोठ्यानं म्हणाले, "चाचा, मांगच्याले आयकू नाही आलं. भोंगा कुठी हाय तुमचा?"

मी दुकानाकडे पळालो. एवढं मी आयुष्यात कधी पळालो नाही. भोंगा पुसलेलाच होता. मी आणि वयनींच्या दीरानं तो शाळेच्या खांबाला बांधला, तुम्ही मशीन लावली, वायर स्वतः पाहिली, आणि मग तीच झडती तुम्ही माइकवर पुन्हा म्हटली, सगळी, पहिल्यापासून. हारावर अध्यक्ष स्वतः हसले, जरा ओशाळूनच. शेवटच्या ओळीवर वयनी हसल्या नाहीत, त्यांनी डोळे पुसले. मग हर हर महादेव झालं. त्यानंतर तुम्ही माइक पुढच्या माणसाच्या हातात दिला आणि मशीनमागे जाऊन बसले. घरी आल्यावर अम्मीनं विचारलं, कसा झाला पोळा, तर म्हणाले, "ठीक हुआ. वो भोंगे का युनिट थोडा फट रहा है."

गाणं अजून चालतं, अब्बा. ज्या कॉलेजनं कुलूप लावलं त्यांनीच मला पाहुणा म्हणून बोलावलं, आणि हार घातला. मी तुमच्या क्रमानंच म्हणतो, हात बांधून उभा असलेल्या शहाण्या लेकासकट, आणि चहा मांडणारी लक्ष्मी कोण ते दरवेळी सांगतो. वयनी आता थकल्या. त्यांच्या नातवानं मागे मला फोन करून त्यांच्याशी बोलायला लावलं, तर म्हणाल्या, गाण्यात दूध सरल्याचं राहिलं. घालतो म्हणालो आहे. पोळ्याला भोंगा आता चुलतभाऊ लावतो, तुमचाच, नवं युनिट टाकून. तुम्ही गेले त्या वर्षी दुखवट्यामुळे आपल्या घरी सण नव्हता, तरी भोंगा गेला. अध्यक्ष स्वतः न्यायला आले होते.

हे कोणाला पाठवायचं नाही आणि अम्मीला मराठी वाचता येत नाही, म्हणून लिहून टाकतो. त्या पोरीला मी स्टाइल म्हणालो ते खरं नाही. तुम्ही गेल्यापासून हॅलो माइक टेस्टिंगची ती ओळ माझ्या तोंडून निघत नाही. मी तोंड बाजूला घेतो, लोक हौसेनं म्हणतात, आणि हॉल हसतो. परवा बरं म्हणाल्यावरही त्या पोरीनं थोड्या वेळानं पुन्हा आग्रह केला तेव्हा हॉल रिकामा होता, ती मागे मशीनपाशी होती, म्हणून मी माइक हातात घेतला. फुंकर मारली. हॅलो म्हणालो. मागून ती म्हणाली, "येतोय आवाज, पुढे म्हणा." मी माइक स्टँडला लावला आणि पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर निघून गेलो.